लिनक्सचा टेक्स्ट कन्सोल बिघडला तर: आधी अक्षरं तपासा, मग पडदा

डेस्कटॉप उघडत नाही, म्हणून टेक्स्ट कन्सोल, म्हणजे नुसत्या अक्षरांचा पडदा, उघडायला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबावं आणि तिथेही काळा पडदा दिसावा, यासारखा वैताग नाही. काही वेळा पडदा काळा नसतो, पण त्यावर रेघोट्या आणि चौकोन असतात, किंवा अक्षर इतकं बारीक असतं की नाक स्क्रीनला टेकवावं लागतं. अशा वेळी बहुतेक जण नेटवर सापडेल तो कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होताना दिलेली सूचना) टाकून बघतात. एक लागू पडला नाही की दुसरा. चार बदल झाल्यावर कशाने काय झालं हेच कळेनासं होतं.

एक प्रश्न आधी विचारला की अर्धं काम सोपं होतं: बिघाड मजकुरात आहे की तो मजकूर दाखवण्यात? कर्नल प्रत्येक कन्सोलसाठी ओळी आणि रकान्यांचा एक तक्ता मेमरीत ठेवतो. तक्त्याच्या प्रत्येक घरात एक अक्षर आणि त्याचा रंग असतो. त्या तक्त्यावरून फॉन्ट वापरून चित्र काढलं जातं आणि ते ग्राफिक्स ड्रायव्हरमार्फत मॉनिटरवर जातं. तक्ता बरोबर असेल तर शेल (कमांड घेणारा प्रोग्राम), इतर प्रोग्राम, लोकेल (भाषेची सेटिंग्ज) यांच्यामागे लागू नका. तक्ताच चुकीचा असेल तर ड्रायव्हर बदलून उपयोग नाही.

खाली कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

मशीन चालू आहे का?

कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे कर्नल कळफलकाला उत्तर देतो आहे आणि अडचण फक्त दिसण्याची आहे. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर ती कर्नल पॅनिकची (कर्नल कोलमडून थांबल्याची) खूण असू शकते. कर्नल ६.१० पासून पॅनिकचा संदेश ग्राफिक मोडमध्येही पडद्यावर आणण्याची सोय आली आणि ६.१२ मध्ये त्याला क्यूआर कोडची जोड मिळाली, पण ती तुमच्या डिस्ट्रोने (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या वितरणाने) चालू ठेवलेली असेलच असं नाही.

दिवा चालतो पण पडदा थिजल्यासारखा वाटतो? कंट्रोल-क्यू दाबा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं की टर्मिनल आउटपुट रोखून धरतं. वीम हा एडिटर वापरणाऱ्यांना सेव्ह करण्याच्या सवयीने हे हमखास होतं. स्क्रोल लॉकची कळही कन्सोलवर तेच करते.

मग दुसरा कन्सोल पाहा: कंट्रोल-ऑल्टसोबत एफ३, एफ४, एफ५. लॅपटॉपवर बहुधा एफएनही दाबावी लागते. एफ१ आणि एफ२ टाळा, कारण आजच्या उबुंटू-फेडोरात लॉगिनचा पडदा आणि डेस्कटॉप तिथेच बसलेले असतात.

कळीची चाचणी

घरातल्या दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून एसएसएच करा, म्हणजे नेटवर्कवरून या मशीनमध्ये लॉगिन करा. यासाठी एसएसएच सर्व्हर आधीपासून चालू असायला हवा. माझं मत विचाराल तर ज्या मशीनचा पडदा कधीतरी दगा देऊ शकतो, म्हणजे कुठल्याही मशीनवर, तो चालू ठेवावाच. आत गेल्यावर:

सुडो कॅट /डेव्ह/व्हीसीएस१

ही फाइल म्हणजे पहिल्या कन्सोलचा तोच तक्ता. तिसऱ्या कन्सोलसाठी शेवटी ३. यात ओळी तोडलेल्या नसतात, सगळं एका दमात येतं. म्हणून आधी रुंदी विचारा (इथे पर्यायातला एफ मोठा):

सुडो एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवाय१ साइझ

उत्तर "६७ २४०" असं आलं तर ६७ ओळी, २४० रकाने. मग वरच्या कमांडपुढे पाइप (| हे चिन्ह) देऊन "फोल्ड -डब्ल्यू २४०" जोडा. आता समोर दिसतं ते वाचा. "लॉगिन:" असं स्वच्छ दिसतंय आणि मॉनिटर मात्र काळा आहे? तर दोष ड्रायव्हर, आउटपुट किंवा केबलचा. इथेही गिचमिड आहे? तर टर्मिनलची अवस्था बिघडली आहे. तक्ता अगदी रिकामा असेल तर त्या कन्सोलवर लॉगिनचा प्रोग्राम सुरूच झालेला नाही. "सिस्टमसीटीएल स्टेटस गेटी@टीटीवाय३" विचारून पाहा.

एसएसएच शक्यच नसेल तर ही चाचणी सोडून थेट "पडदा काळा" या भागाकडे जा.

मजकूर गिचमिड झाला

नेहमीचं कारण: बायनरी फाइल चुकून कॅटने पडद्यावर ओतली. त्यातल्या एखाद्या बाइटने टर्मिनलला पर्यायी अक्षरसंच लावला आणि तेव्हापासून प्रॉम्प्टही परग्रहावरचा दिसतो. टाइप केलेलं दिसत नसलं तरी शेल ते ऐकत असतो. कंट्रोल-जे दाबा, "रीसेट" टाइप करा, पुन्हा कंट्रोल-जे. एंटरऐवजी कंट्रोल-जे अशासाठी की बिघडलेल्या अवस्थेत एंटरचं रूपांतर नीट होत नाही. रीसेट नसेल तर "एसटीटीवाय सेन" टर्मिनलच्या सेटिंग्ज जागेवर आणतं, पण अक्षरसंच सुधारत नाही. त्यासाठी "इको" लिहून एक जागा सोडा, कंट्रोल-व्ही दाबा, एस्केप दाबा, मग छोटा सी आणि एंटर. हा टर्मिनलला पूर्ण मूळपदावर आणणारा संकेत आहे.

इंग्रजी ठीक, पण एकेका चिन्हाच्या जागी दोन-तीन विचित्र चिन्हं येत असतील तर कन्सोल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवण्याची पद्धत) मोडमधून बाहेर पडला आहे. "युनिकोड_स्टार्ट" चालवा.

रीसेटनेही न सुटणारा प्रकार म्हणजे टर्म या पर्यावरण चलाची (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची) गल्लत. नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि खऱ्या कन्सोलवर त्याची किंमत "लिनक्स" हवी. पुष्कळ जण रंग छान दिसावेत म्हणून बॅशआरसी या शेलच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ती सरसकट "एक्सटर्म-२५६कलर" करून ठेवतात. डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये ते खपून जातं. कन्सोलवर मात्र एफ१ ते एफ५ या कळा वेगळेच संकेत पाठवतात, त्यामुळे मिडनाइट कमांडर या फाइल मॅनेजरमध्ये एफ१ दाबलं की मदतीऐवजी भलतंच काही उमटतं. ती ओळ काढून टाका. टर्म ठरवणं हे टर्मिनलचं काम आहे, शेलचं नव्हे.

चौकटीच्या रेघांऐवजी "एल क्यू क्यू क्यू के" अशी रोमन अक्षरं दिसणं हा पुटी या एसएसएच प्रोग्रामवरून जोडणी करणाऱ्यांचा जुना अनुभव. कर्सेस लायब्ररी रेघा काढण्यासाठी पर्यायी अक्षरसंच वापरते आणि समोरचं टर्मिनल यूटीएफ-८ मोडमध्ये तो मानत नाही. "एनकर्सेस_नो_यूटीएफ८_एसीएस" हे चल, सगळी अक्षरं मोठी, १ केलं की रेघा जागेवर येतात.

पडदा काळा, मशीन चालू

हा भाग सावकाश वाचा, कारण खरी डोकेदुखी इथेच असते.

पूर्वीच्या पीसीवर कन्सोल म्हणजे व्हीजीएचा टेक्स्ट मोड: ८० रकाने, २५ ओळी, अक्षरं काढण्याचं काम कार्डच करायचं. आता कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच पडद्याचा ताबा घेतो आणि रिझोल्युशन ठरवतो. याला कर्नल मोडसेटिंग म्हणतात. इंटेलसाठी आय९१५, एएमडीसाठी एएमडीजीपीयू, एनव्हिडियाच्या कार्डांसाठी खुला नूवो. ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) मेनू दिसतो, दोन-चार ओळी सरकतात आणि पुढे अंधार, असं होत असेल तर अंधार नेमका या ताब्याच्या क्षणी झालेला असतो.

पहिली पायरी. मशीन रीस्टार्ट करा. ग्रबचा मेनू लपलेला असेल तर जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा, नव्या यूईएफआयवर एस्केप दाबा. नोंदीवर येऊन ई दाबा. "लिनक्स" शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटाकडचे "क्वायट" आणि "स्प्लॅश" पुसून टाका आणि कंट्रोल-एक्स दाबून बूट करा. हा बदल फक्त याच बूटपुरता असतो, तेव्हा निर्धास्त करा. कधी कधी एवढ्यानेच कळतं की पडदा काळा नव्हताच. स्प्लॅशच्या चित्रामागे डिस्कची तपासणी चालू होती किंवा पासवर्ड मागितला जात होता.

दुसरी पायरी. तसंच करा, पण ओळीच्या शेवटी एक जागा सोडून "नोमोडसेट" जोडा. आता ग्राफिक्स ड्रायव्हर मोड बदलणार नाही आणि बायोस-यूईएफआयने दिलेल्या पडद्यावरच कन्सोल चालेल. रिझोल्युशन ओबडधोबड असेल, डेस्कटॉप रडतखडत चालेल किंवा चालणारच नाही. पण अक्षरं दिसली तर दोषी सापडला. नोमोडसेट कायमचं ठेवून देऊ नका. ते निदान आहे, औषध नव्हे. कित्येक मशीन वर्षानुवर्षं या एका शब्दावर चालवली जातात आणि मग व्हिडिओ अडखळतो, ब्राइटनेस बदलत नाही अशा तक्रारी येत राहतात.

तिसरी पायरी. आत गेल्यावर अयशस्वी बूटची नोंद वाचा:

जर्नलसीटीएल -के -बी -१

के म्हणजे फक्त कर्नलचे संदेश आणि शेवटचा उणे एक म्हणजे आधीचं बूट. मागच्या बूटची नोंद डिस्कवर राहत नसेल तर ही कमांड रिकाम्या हाताने परत येते; मग /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर तयार करून पुन्हा एकदा बिघाड होऊ द्यावा लागतो. नोंदीत "डीआरएम" (कर्नलचा ग्राफिक्स विभाग) आणि "फर्मवेअर" हे शब्द शोधा. कार्डाचं फर्मवेअर (कार्डात चढवावा लागणारा प्रोग्राम) लोड झालं नाही आणि एरर उणे २ असं लिहिलं असेल तर फाइलच जागेवर नाही. उबुंटूत "लिनक्स-फर्मवेअर" पॅकेज, डेबियनवर एएमडी कार्डसाठी "फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स". डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, अधिकृत इन्स्टॉलरमध्येच बिगर-मुक्त फर्मवेअर येतं, त्यामुळे ही तक्रार जुन्या इन्स्टॉलेशनवर जास्त भेटते.

एनव्हिडियाचा मालकी ड्रायव्हर असेल तर तऱ्हा वेगळी. डेस्कटॉप झकास चालतो आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं की शून्य. मोडसेटिंग चालू आहे का ते विचारा:

सुडो कॅट /सिस/मॉड्यूल/एनव्हिडिया_डीआरएम/पॅरामीटर्स/मोडसेट

उत्तर मोठा एन आलं तर /इटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये शेवटी ".कॉन्फ" असलेली फाइल करून "ऑप्शन्स एनव्हिडिया-डीआरएम मोडसेट=१ एफबीडेव्ह=१" ही ओळ टाका. एफबीडेव्हची सोय ५४५ मालिकेपासून आहे. ड्रायव्हर त्याहून जुना असेल तर तेवढा भाग गाळा. मग इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल व्यवस्था) नव्याने बनवा: डेबियन-उबुंटूवर "अपडेट-इनिटरॅमएफएस -यू", फेडोरावर "ड्रॅकट -एफ".

चौथी पायरी, ड्रायव्हर निर्दोष ठरला तर. कन्सोल दुसऱ्याच आउटपुटवर गेलेला असू शकतो. हे चालवा:

ग्रेप . /सिस/क्लास/डीआरएम/*/स्टेटस

प्रत्येक पोर्टचं नाव आणि त्यापुढे जोडलेलं आहे की नाही ते येतं. नसलेला एस-व्हिडिओ किंवा एलव्हीडीएस पोर्ट "जोडलेला" दिसला तर तो भुताटकीचा. कन्सोल सगळ्या पडद्यांवर एकच चित्र दाखवतो आणि त्याचा आकार लहान पडद्याप्रमाणे ठरतो. मोठ्या मॉनिटरच्या एका कोपऱ्यातच मजकूर मावलेला दिसतो तो याचमुळे. कर्नलच्या ओळीत "व्हिडिओ=" लिहून त्यापुढे पोर्टचं नाव, कोलन आणि डी दिलं की तो पोर्ट बंद होतो. डीऐवजी ई दिलं की जबरदस्तीने चालू, आणि रिझोल्युशनही सांगता येतं: व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०एक्स१०८०@६०. पोर्टचं नाव वरच्या यादीतलं जसंच्या तसं, लहान-मोठ्या अक्षरांसकट, फक्त सुरुवातीचा "कार्ड०-" वगळून.

बदल पटला की कायम करा. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये कर्नल पॅरामीटरची ओळ असते, त्यात तो जोडा. मग डेबियन-उबुंटूवर "सुडो अपडेट-ग्रब", फेडोरावर त्याऐवजी "सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्स=" यापुढे तो पॅरामीटर (ऑल मोठ्या अक्षरांत).

टीव्हीला एचडीएमआयने जोडलं आणि चारही कडा कापल्या गेल्या तर लिनक्सला हात लावण्याआधी टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकाराचं सेटिंग शोधा. टीव्हीच चित्र ताणत असतो. पडदा आडवा-उभा झाला असेल तर "एफबीकॉन=रोटेट:१" किंवा ३.

अक्षर दिसतं, पण मुंगीएवढं

कन्सोलचा जुना फॉन्ट ८ बाय १६ पिक्सेलचा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर त्याने २४० रकाने होतात, फोर-के पडद्यावर ४८०. एवढ्या रकान्यांत कोणी वाचू शकत नाही. कर्नल ५.० मध्ये १६ बाय ३२ चा टर्मिनस फॉन्ट समाविष्ट झाला, पण तो बांधलेला असणं डिस्ट्रोवर अवलंबून आहे. असेल तर "एफबीकॉन=फॉन्ट:टीईआर१६एक्स३२" हा पॅरामीटर, टीईआर मोठ्या अक्षरांत, पहिल्या ओळीपासून मोठं अक्षर देतो.

नाहीतर डेबियन, उबुंटू आणि रास्पबेरी पाय ओएसवर:

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप

एन्कोडिंग यूटीएफ-८, अक्षरसंच सुचवलेला, फॉन्ट टर्मिनस, आकार १६ बाय ३२. गंमत अशी की मेनूत आकार रुंदी-उंची या क्रमाने आहे आणि फॉन्टच्या फाइलच्या नावात उंची-रुंदी. ३२एक्स१६ दिसलं तर तो वेगळा फॉन्ट नाही. फेडोरा-आर्चवर टर्मिनसचं पॅकेज बसवून /इटीसी/व्हीकन्सोल.कॉन्फ मध्ये "फॉन्ट=टीईआर-१३२एन" लिहा; इथे फॉन्ट हा शब्द मोठ्या अक्षरांत, नाव लहान.

नुसतं करून पाहायचं तर "सेटफॉन्ट" पुरे. पण ती कमांड खऱ्या कन्सोलवरच चालते. डेस्कटॉपच्या टर्मिनलमधून दिली की कन्सोल सापडत नाही अशी कुरकुर करते. तिथे सुडोसोबत "-सी /डेव्ह/टीटीवाय३" असं, मोठ्या सीने, लक्ष्य सांगावं लागतं.

बूट होताना क्षणभर मोठं अक्षर येतं आणि पुन्हा बारीक होतं? फॉन्ट आधी लागला, ग्राफिक्स ड्रायव्हर नंतर आला आणि त्याने कन्सोल नव्याने मांडला. ड्रायव्हरचं मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये घातलं की क्रम सुधारतो. तोवर डेबियनवर "सेटअपकॉन", इतरत्र "सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-व्हीकन्सोल-सेटअप".

बारीकसारीक

शिफ्ट-पेजअपने मागे जाता येत नाही ही बिघाडाची खूण नाही. कन्सोलचं स्क्रोलबॅक २०२० साली कर्नल ५.९ मधून काढून टाकलं गेलं. त्या कोडमध्ये सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या होत्या आणि सांभाळायला कोणी नव्हतं. आउटपुट लेस या मजकूर-वाचकातून वाचा, किंवा लॉगिन झाल्याबरोबर टीमक्स (स्वतःचं स्क्रोलबॅक ठेवणारा प्रोग्राम) सुरू करण्याची सवय लावा.

टाइप करत असताना मधेच कर्नलचे संदेश घुसत असतील तर "सुडो डीएमईएसजी -एन ३" द्या. गंभीर तेवढेच येतील. थोड्या वेळाने पडदा आपोआप विझत असेल तर "सेटटर्म --ब्लँक ०", कर्नल ४.१२ पासून हे विझणं मुळातच बंद असतं, तेव्हा नव्या मशीनवर ते कोणीतरी "कन्सोलब्लँक" पॅरामीटरने चालू केलेलं असणार.

सर्व्हर आणि क्लाउडच्या इमेजमध्ये कर्नलच्या ओळीत "कन्सोल=" दोनदा लिहिलेलं आढळतं. शेवटचं नाव मुख्य कन्सोल ठरतं. ते सीरियल पोर्टचं असेल तर मॉनिटरवर कर्नलच्या ओळी येतात आणि मग सामसूम होते. बिघाडाच्या वेळचा आपत्कालीन शेलसुद्धा तिकडेच उघडतो. क्रम उलटा करा. सीरियलवर नुसताच कचरा दिसत असेल तर दोन्ही टोकांचा वेग जुळवा, बहुधा ११५२००.

मराठी फाइलनावं चौकोनी का दिसतात

डेस्कटॉप मराठीत ठेवणाऱ्यांना कन्सोलवर चौकोनांची रांग दिसते, आणि इथे दुरुस्त करण्यासारखं फारसं काही नाही. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात. युनिकोडचा देवनागरी विभाग १२८ जागांचा आहे, तेव्हा जागा अपुरी आहे असं नव्हे. अडचण मांडणीची आहे. कन्सोल एका घरात एक चिन्ह डावीकडून उजवीकडे ठेवत जातो. "कि" मधली वेलांटी क च्या आधी काढायची, "क्ष" किंवा "त्र" जोडून एकच आकृती करायची, हे काम करणारा भागच त्यात नाही. एफबीटर्मसारख्या प्रोग्राममध्ये सुटी अक्षरं उमटतात, जोडाक्षरं जुळत नाहीत. मराठी मजकूर वाचायचाच असेल तर एसएसएचने दुसऱ्या मशीनच्या ग्राफिकल टर्मिनलमधून वाचा.

करता येण्याजोगं एवढंच: प्रोग्रामचे संदेश कन्सोलवर इंग्रजीत मागवा. बॅशआरसीमध्ये अट घाला की टर्मची किंमत "लिनक्स" असेल तर लँग हे चल "सी.यूटीएफ-८" करायचं (सी आणि यूटीएफ मोठ्या अक्षरांत) आणि लँग्वेज हे चल "अनसेट"ने काढून टाकायचं. उबुंटूत दुसरं विसरलं तर पहिल्याचा परिणाम दिसेलच असं नाही.

राहिली मराठी नावाची फाइल हाताळण्याची गोष्ट. नाव टाइप करता येत नाही, वाचता येत नाही, पण क्रमांक सगळ्यांनाच असतो. "एलएस -एलआय" दिलं की प्रत्येक फाइलपुढे आयनोड क्रमांक येतो. आकार आणि तारखेवरून हवी ती ओळखा. मग "फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम" यापुढे तो क्रमांक, आणि त्यापुढे "-एक्झेक एमव्ही {} नवं-नाव \;" दिलं की नाव बदलतं; नवं नाव रोमन ठेवा. फाइल पुसायची असेल तर एक्झेकऐवजी "-ओके" आणि एमव्हीऐवजी "आरएम" वापरा आणि नवं नाव गाळा, कारण ओके आधी विचारतं आणि एक्झेक विचारत नाही.